विसाव्याचा स्लॅब

मच्छिंद्रानं मोबाईलपुढं तोंड नेलं आन् रांजणगावच्या कंपनीच्या गेटवर वॉचमनकी करताना ट्रकवाल्याला हाळी देतो तशा आवाजात घरच्या ग्रुपवर बोलून टाकलं, "यंदापास्नं विसावा स्लॅबपरमानं. ज्येचा स्लॅब मोठा, त्येचा विसावा मोठा, विसाऐवजी दहातला येक. रईवारी समद्यांनी निमोण्याला यावं. जय भीम."

टायपिंग त्याला जमत न्हवतं. अंगठा मोठा, अक्षरं बारकी. तवा हे असं बोलायचं आन् सोडून द्यायचं. मोबाईल त्याचं लिवून पाठवायचा. एवढं बोलून तो डोक्याखाली टॉवेल घिऊन निवांत झोपला. उठून बघतो तर धाकट्या भावानं, सतीशनं, ग्रुप सोडलेला. आन् राहू गावावरनं बहिणीचे, करुणाचे, येका मागोमाग येक फोन येऊन पडलेले.

"काय बोलला वो तुमी?" बायको म्हणली. गिताबाईला मोबाईलपेक्षा नवऱ्याच्या तोंडावरनं जास्ती कळायचं.

"जे बोलायचं तेच बोललो."

"मग झालं वाटोळं."

आता विसावा म्हंजी काय, तर कमाईचा विसावा हिस्सा. कमावत्यानं विसातला येक वाटा समाजासाठी काढावा, असं बाबासाहेबांनी सांगितलेलं. मच्छिंद्राच्या बापानं, आबांनी, त्याची सुरवात घरापास्नं केली. जो कमावल त्यानं विसातला येक काढायचा आन् घरातलं जे लेकरू शिकत आसंल, त्याच्यावर घालायचा. जो विसावा दील तो सतरंजीवर बसंल, त्यालाच बोलायचा हक. ह्या विसाव्यावर सतीश इंजिनेर झाला. मच्छिंद्राच्या पोराचं, सुमितचं, आयटीआय झालं. आबा गेलं, पण विसावा थांबला न्हाई.

यंदा पाळी करुणाच्या लेकीची, सुजाताची. पुण्याला बी.फार्मसीला तिचा नंबर लागला व्हता. फी माफ व्हती. पण खानावळ कोण माफ करतंय? आन् होस्टेल? ते समदं विसाव्यातनंच भागायचं, आन् विसाव्यात मोठा वाटा सतीशचा. सतीश बाजूला झाला की पोरगी राहूतच राहणार. हे मच्छिंद्राला इतकं पक्कं ठावं व्हतं, की त्या दिवसापास्नं त्याला गेटवरची शिट्टी सुदीक नीट वाजवता येईना.

रईवारी पैली फटफटी आली ती राहूची. ज्ञानदेवनं, करुणाच्या नवऱ्यानं, ती उभी बी केली न्हवती तवर करुणा मागनं उडी टाकून दारात.

"आगं पाणी तरी घे," गिताबाई म्हणली.

"पाणी नगं वैनी. आधी ह्येला इचार, माझ्या स्लॅबवर ह्येचा डोळा का?"

मच्छिंद्र कॉटवर बसला व्हता. त्याला काय उमगंना. "तुझ्या स्लॅबवर?"

"मग! घरकुल मंजूर झालं. आमी पदरचं घालून येक खोली वाढावली. स्लॅब जरा मोठा झाला. मग काय गुन्हा केला का आमी? ज्येचा स्लॅब मोठा त्येचा विसावा मोठा म्हणं! आन् सोता बसलायस पत्र्याखाली! म्हंजी पत्र्यावाल्याला माफी, व्हय रं दादा?"

गिताबाईनं वर पत्र्याकडं बघितलं आन् पदर तोंडात कोंबला.

"आगं येडे," मच्छिंद्र म्हणला, "त्यो स्लॅब न्हवं. पगाराचा स्लॅब. टॅक्सचा. सुमितला कंपनीत सायबानं सांगितलं, पगार वाढला की वरचा स्लॅब लागतो म्हणून."

"पगाराला कसला स्लॅब? पगारावर काय गच्ची आस्ती?"

"गच्चीवर कोण गेलं?" कोपऱ्यातनं मच्छिंद्राची आई, ताईबाई, म्हणली. म्हातारीला येका कानानं कमी ऐकू यायचं, आन् ज्या कानानं यायचं तो कान ती भांडणाकडं करून बसायची.

"कुणी न्हाई आई. तुझ्या लेकाला शाणपन सुचलंय."

ज्ञानदेव दारातच उभा व्हता. राहूच्या गुऱ्हाळावर गूळ उतरवायचं काम त्याचं. दिवसभर कढईच्या धगीला उभं राहून माणूस जसा कमी बोलाय लागतो, तसा तो कमी बोलायचा. "म्या म्हणलंच व्हतं हिला," तो म्हणला, "दुसरं काय तरी आसंल."

"तुमी कवा म्हणला? आख्ख्या न्हावऱ्याच्या रस्त्यानं गप व्हता!"

"मनात म्हणलं."

करुणा हसली. हसली म्हंजी अर्धं भांडण मिटलं, हे मच्छिंद्राला ल्हानपणापास्नं ठावं. पण उरलेलं अर्धं पुण्यावरनं गाडी घिऊन यायचं व्हतं.

सतीश आला तो तोंड पाडून. चप्पल काढली, आईच्या पायाला हात लावला, भावाकडं न बघता "जय भीम" म्हणला. मागनं त्याची बायको राजश्री. तिनं दोन्ही हातातल्या पिशव्या गिताबाईकडं दिल्या आन् सरळ आत चुलीकडं गेली. लग्न झाल्यापास्नं ती तशीच जायची.

सतरंजी अंथरली. मच्छिंद्र बसला, सतीश बसला, ज्ञानदेव बसला. सुमितची कंपनीत रईवारची पाळी, तो तेवढा न्हवता. करुणा अंगणवाडीत मदतनीस, तिचा बी विसावा यायचा, ती बसली. ताईबाई तर आधीपास्नंच बसलेली. तिला निराधारचा पगार यायचा आन् त्यातला विसावा ती पदराच्या गाठीतनं काढून लेकापुढं असा टाकायची, जशी काय आख्ख्या घराची मालकीण.

"दादा," सतीशनं सुरवात केली, "मला येवढंच सांग. तू विसातला येक देतोस, मी बी विसातला येक देतो. माझी कमाई जास्त, म्हणजे माझा वाटा आपोआप मोठाच झाला ना? मग आणि दहातला येक कशाला? शिकलो, राबलो, ह्याचा दंड आहे का हा?"

"दंड कुठं म्हणलं म्या?"

"मग काय म्हणलास?"

"म्या म्हणतो, ज्ञानदेवरावांचा विसातला येक गेला की ताटातली भाकर जाती. तुझा गेला तर तुझ्या ताटातलं काय जातं? पापड बी जात न्हाई."

"पापड!" सतीशनं मांडीवर हात मारला. "दादा, माझा पगार येतो ना, तवा माझ्या हाताला नुसता वारा लागतो. वरच्या पगारावर सरकार रुपयातले तीस पैसे घेतं. ते गेले. मग बँक फ्लॅटचा हप्ता कापती. मग सोसायटी. लिफ्टचं येगळं, वॉचमनचं येगळं, टँकरचं येगळं."

"टँकर?" आतनं गिताबाई बाहेर आली. "भावजी, तुमच्याकडं बी टँकर येतो?"

"रोज येतो वैनी."

"आगं बया!" गिताबाईला असं बरं वाटलं, की ती परत आत जायची इसरून दारातच टेकली.

"मग पोरीची शाळा. फी येगळी, बस येगळी, घोड्याचं येगळं."

"कसलं घोडं?" मच्छिंद्र म्हणला.

"घोड्यावर बसायला शिकवतात."

"आन् जायचं कुठं तिला घोड्यावर?"

"कुठं जायचं न्हाई दादा! तिथं समद्यांची पोरं शिकतात, तर आपली येकटी खाली उभी राहील का?"

ह्याच्यावर मात्र कुणी हसलं न्हाई. खाली उभं राहणं ह्या घरानं बघितलेलं व्हतं. मच्छिंद्राला भावाच्या आवाजातली ती किनार कळली आन् त्याचा राग निम्मा झाला. पण सुजाताचं काय?

"आन् स्लॅब?" करुणानं इचारलं. तिच्या डोक्यातनं ते अजून गेलं न्हवतं. "तुझा स्लॅब केवढा हाय?"

"माझा कुठला स्लॅब, ताई? माझ्या डोक्यावर जो हाय, ती वरच्या माणसाची फरशी. पायाखाली हाय, तो खालच्याचा स्लॅब. मधली हवा तेवढी माझी, ती बी बँकेकडं गहाण."

ज्ञानदेव हसला. मग आपण हसलो म्हणून त्यानं खाली मान घातली.

"बरं," मच्छिंद्र म्हणला. "पैसं जमत न्हाईत, नगं दिऊ. पोरीला तुझ्या घरात ठिव. खानावळ नगं, होस्टेल नगं. झाला तुझा विसावा."

आपण लई शाणपनाचं बोललो असं त्याला वाटलं. सतीशनं आत चुलीकडं बघितलं. आतनं भांड्यांचा आवाज यायचा थांबला.

"नगं," करुणा म्हणली.

"का गं?"

"नगं म्हंजी नगं. सतीश माझा भाऊ हाय, त्येच्या घरी मी महिनाभर राहीन. पण माझी पोर चार वरसं दुसऱ्याच्या घरात आंग चोरून राहायची न्हाई. मामीनं च्याचा कप उचलला तरी तिला वाटणार, मीच उचलायला पायजे व्हता. आभ्यास करंल का कप उचलंल?"

तवा राजश्री बाहेर आली. हात वले, पदराला पुसत. सतरंजीच्या कडंला येऊन उभी राह्यली.

"ताई बरोबर बोलल्या," ती म्हणली. "आणि दादा, घरात ठेव म्हणालात. घर कुणाचं?"

मच्छिंद्र गडबडला. आजपतूर ही बाई त्याच्याशी "दादा, वाढू का?" ह्याच्यापलीकडं फार बोलली न्हवती. पाबळची पोरगी. सोयरीक जमवताना तिच्या बापानं येकच गोष्ट सांगितली व्हती, की पोरगी शिकलेली हाय, तिची नोकरी सोडवू नका. त्येंनी सोडवली न्हाई. पण त्याच्या पुढं काय करायचं, ते बी कुणी ठरवलं न्हाई.

"घर? तुमच्या दोघांचं," तो म्हणला.

"दोन खोल्या आहेत. निम्मा हप्ता माझ्या पगारातनं जातो. आता स्लॅबचं सांगा. त्यात माझा पगार धरला का?"

"धरला की. जोडीचा मिळून धरला."

"माझा ह्यांच्यापेक्षा जास्त आहे, माहिती आहे?"

मच्छिंद्रानं सतीशकडं बघितलं. सतीशनं पत्र्याकडं बघितलं.

"मग एवढा मोठा पगार तुम्ही धरला, तर मेसेज मला आला का? मी ग्रुपात आहे का?"

 बाहेर ज्ञानदेवच्या फटफटीवर कावळा बसून आरशाला चोच मारत व्हता.

"लग्न झाल्यापासून माझ्या पगारातला विसावा इथं येतो. ह्यांच्या नावानं वाचला जातो. सगळे मान हलवतात, सतीशनं चांगला दिला. आणि मी आत चहा गाळत असते. पाबळला बापाच्या घरी पण देते मी, तिथं पण भावाची पोरं शिकतात. ते तुम्हाला माहिती नाही, कारण तुम्ही विचारलं नाही." तिचा आवाज चढला न्हाई, पण कान लाल झाले व्हते. "पगार धरायचा तर माणूस धरा, दादा. नाहीतर पगार सोडा."

झालं, मच्छिंद्राच्या मनात आलं. ही आता तोडणार. आबांनी उभं केलेलं आपल्या हातानं मोडलं, ते बी येका स्लॅबपायी. सतीशच्या लग्नात मानपानावरनं घोळ झाला तवा सुदीक त्याला एवढं भ्या वाटलं न्हवतं. 

ताईबाईनं शेजारच्या जागेवर दोनदा हात आपटला. "बस गं हितं. उभ्यानं भांडली की कंबर जाती."

राजश्री बसली. बसताना तिनं साडी अशी नीट केली, जशी काय ऑफिसात मिटिंगला बसली.

"आता बसले तर बोलते," ती म्हणली. "दहातला एक द्यायला माझी ना नाही."

"अगं!" सतीश म्हणला.

"थांबा ओ. मी मघापासून आत ऐकतेय. पुणं महाग आहे, खरं आहे. ह्यांनी सांगितलं त्यातलं काहीच खोटं नाही. महिन्याच्या शेवटी मी पण हिशोब करत बसते. पण आमच्याकडचं गेलं तर पोरीचं घोडं जाईल. ताईंच्या घरातलं गेलं तर तेल जाईल. घोडं आणि तेल एकाच मापानं कसं मोजायचं?"

करुणानं डोळ्याला पदर लावला. मग लगीच काढला, भावजयीनं बघू न्हाई म्हणून.

"पण," राजश्री म्हणली, "लावायचा तर सगळ्या कमाईला लावा. दादा, कांदा कितीला गेला?"

मच्छिंद्राच्या हातात च्याचा कप व्हता, तो तिथंच राह्यला.

"कांदा? कांद्याचं काय मधीच?"

"चाळीत साठवलेला, उन्हाळ्यातला."

"आगं, शेतीला टॅक्स नसतोय. सरकार सुदीक घेत न्हाई!"

"हे घर सरकारचं आहे का?"

करुणा अशी खदखदली, की ताईबाईनं तिला चापट मारली. "दादा! पत्र्याखालची माफी ती हीच का रं?"

"म्या विसावा देतोय की! गेटच्या पगारावर देतोय दर साली!"

"आन् कांद्यावर?" सतीशचं तोंड आल्यापास्नं पैल्यांदा उजाडलं. त्यानं मांडी बदलली, पुढं सरकला. "दादा, सांग की. लाजू नको."

"कांदा म्हंजी काय पगार हाय का? दोन साली रस्त्यावर वतला म्या. तवा आला का कुणी इचारायला, मच्छिंद्रा, तुझा तोटा किती? आन् येका साली जरा बरा गेला, की समदे आले पाट्या घिऊन!"

"बरा न्हाई, चांगला गेला," दारातनं गिताबाई म्हणली.

"गिते, गप बस."

"का गप बसू? खुरपला म्या, काढला म्या, चाळीत भरला म्या. तुमी तवा गेटवर शिट्टी वाजवीत व्हता." गिताबाई आली आन् राजश्रीच्या पल्याड सतरंजीवर टेकली. "कांदा धरायचा तर मला बी धरा. च्या कुणाला पायजे आसंल त्येनं उठून घ्या. पातेलं चुलीवर हाय."

कुणी उठलं न्हाई. मच्छिंद्रानं समद्यांकडं आळीपाळीनं बघितलं. बायको, भावजय, बहीण, आई, भाऊ. समदी येका बाजूला. दुसऱ्या बाजूला तो आन् कांदा. आन् त्यातली गंमत अशी, की त्याला राग येत न्हवता. आबा गेल्यापास्नं सतरंजीवर नुसती माना हलायच्या. असं तोंडावर कुणी भांडलंच न्हवतं.

"तोट्याच्या साली घेऊ नका," राजश्री म्हणली. "नफ्याच्या साली धरा. माझं तेवढंच म्हणणं."

"हां, हे कसं बोलली!" मच्छिंद्र म्हणला. "आन् मागल्या तोट्याचं?"

"ते पण वजा करा."

"वजा करायचंच तर माझा हप्ता वजा करा," सतीश म्हणला. "डोक्यावर छप्पर लागतंच की माणसाला."

"हप्ता वजा," करुणा म्हणली. "आमचं स्लॅबचं देणं बी वजा."

"आईचं औषध वजा," मच्छिंद्र म्हणला.

"घोडं?"

समदी राजश्रीकडं बघाय लागली. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"घोडं वजा नाही," ती म्हणली. "घोडं आपली हौस."

"हौस कशी? तूच तर नाव घातलं तिचं!"

"मग माझी हौस. माझ्यातनं जाईल."

असं करत करत ठरलं. डोक्यावरचं छप्पर, औषध आन् पिकाचा तोटा वजा करायचा. मग जे उरंल ते ज्येचं लई आसंल त्येनं दहातला येक द्यायचा. मधल्यांनी विसातला येक. आन् ज्येच्या घरात तेलाला हात आखडावा लागतो, त्येच्याकडनं कायच घ्यायचं न्हाई. सतीश जरा कुरकुरला, आन् मग म्हणला, "दादा कांदा देतोय म्हणल्यावर मी काय बोलणार." त्यानं दादाचा मोबाईल घेतला, सोताला ग्रुपात परत घेतलं, राजश्रीला घेतलं, गिताबाईला घ्याय गेला. गिताबाईचा मोबाईल साधा व्हता, त्यात ग्रुप येत न्हवता, तर तो कुणी घिऊन द्यायचा ह्याच्यावर आणि येक भांडण झालं. मच्छिंद्राला वाटलं, पार पडलं. सुजाता पुण्याला जाणार. त्यानं कमरंवर हात ठिवून आंग मागं वाकावलं, तवा त्याला दिसलं की ज्ञानदेव सतरंजीवर न्हाई.

बाहेर फटफटीला किक मारल्याचा आवाज आला. ती सुरू झाली न्हाई. परत किक.

मच्छिंद्र आनवाणीच बाहेर गेला. "पाव्हणं, कुठं निघाला? जेवाण व्हायचंय."

"राहूला. गुऱ्हाळावर रस येऊन पडला आसंल."

"आज तुमी सुट्टी काढलीया. करुणा म्हणली मला."

 ज्ञानदेव सीटचा फाटका रेग्झीन बोटानं आत खोचत राह्यला.

"ज्ञानदेवराव. काय चुकलं का आमचं?"

"न्हाई न्हाई. चुकलं कायच न्हाई. माझं भलंच केलं तुमी. मला सतरंजीवरनं काढलं."

"काढलं? आवो, सूट दिली तुम्हाला!"

"त्येच म्हणतो म्या." गडी कवा बोलायचा न्हाई, आता बोलाय लागला तर थांबंना. "दादा, पोरगी माझी हाय. तिच्या खानावळीत आजीच्या निराधार पगाराचा वाटा. मामाचा वाटा, मामीचा वाटा. तुमच्या कांद्याचा सुदीक वाटा. बापाचा न्हाई. उद्या पोरीनं इचारलं, पप्पा, तुमी काय दिलं, तर काय सांगू? मला सूट व्हती?"

मच्छिंद्रानं फटफटीच्या हँडलवर हात ठिवला.

मागनं समदी दारात आली व्हती. राजश्री पुढं झाली. "भाऊजी, मी तुमच्या भल्यासाठीच बोलले. तेलाचं."

"ठाव हाय वैनी. तेल मी बघीन." ज्ञानदेव तिच्याकडं न बघता बोलला, पण वंगाळ बोलला न्हाई. "तुमीच मघा म्हणला न्हवं, पगार धरायचा तर माणूस धरा. मग माझा पगार सोडला, तर माणूस बी सोडला का?"

 ऑफिसात राजश्री किती जणांना गप करत आसंल देव जाणे, पण हितं तिनं हात जोडलं. "चुकलं," ती म्हणली. "विचारायला पाहिजे होतं."

"बरं मग, काय करायचं?" मच्छिंद्र म्हणला. "चाळीसातला येक द्या. नावाला."

"विसातला."

"पाव्हणं, आडू नगा. तिसातला येक."

"विसातला. कमी न्हाई."

"पंचवीस! माझ्या मानासाठी!"

"न्हाई म्हंजी न्हाई."

रस्त्यानं गावातला पोपटराव दुधाची किटली घिऊन चाललेला. तो थांबला, फटफटीकडं बघितलं, दोघांकडं बघितलं. "काय रं मच्छिंद्रा, गाडी घेतोस का पाव्हण्याची? विसात दीत न्हाईत का? आरं, टायर बघ तिचं. लई झालं विस."

सतीश दाराला टेकून हसाय लागला, तो खाली बसूस्तवर हसला. करुणाला हसावं का रडावं कळंना, तर तिनं दोन्ही केलं.

ताईबाई काठी टेकत उंबऱ्यात आली. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी न्हाई पडलं!" करुणा तिच्या कानात वरडली. "तुझा जावाई रुसलाय!"

"रुसला? आता ह्या वयात?" म्हातारीनं ज्ञानदेवला खालवर न्याहाळलं. "काय पायजे म्हणं? आंगठी?"

"काय पायजे न्हाई आई! त्येला द्यायचंय! विसावा घ्या म्हणतोय, आन् आमी घेत न्हाई!"

 ताईबाईचे डोळे बारीक झाले.

"माझ्या लग्नात तुमचा बाप घड्याळासाठी रुसला," ती म्हणली. "दिस कलला तरी बोहल्यावर चढंना. ह्यो मच्छिंद्रा सायकलसाठी रुसला, गिताच्या बापानं बैल इकून दिली. घ्यायला रुसलेले जावाई म्या ढिगानं बघितले. द्यायला रुसलेला ह्यो पैलाच." मग ती लेकावर खेकसली, "आन् तू काय भाव करतो त्येच्याशी, मुडद्या? रुसलेल्या जावयाला आणायला मेव्हणा जात आस्तो. हात धर की त्येचा."

मच्छिंद्र पुढं गेला आन् त्यानं ज्ञानदेवचा हात दोन्ही हातात धरला. हात कसला, कढईच्या चटक्यांनी राठ झालेलं लाकूड.

"विसातला येक," तो म्हणला. "चला आता."

ज्ञानदेव लगीच हलला न्हाई. त्यानं फटफटीची चावी काढली, वरच्या खिशात टाकली. त्याच्या तोंडावर कवा न्हवं ते हसू आलं.

"मटान आसंल तर येतो," तो म्हणला. "रुसलोय म्हणल्यावर येवढं तरी मागावं लागतंय."